लुकमा देणारा हात

फोनने माझी चूक काढली तेव्हा मी भाकरी थापत होते. माझ्या मुलाने फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तो अरबी पाठ म्हणत होता, फोन ऐकत होता, आणि एका शब्दावर काचेवर लाल रेघ उमटली. माझ्या कानाला तिथे काहीच खुपलं नव्हतं, म्हणून मी थापतच राहिले. मुलगा थांबला, पुन्हा म्हणाला, पुन्हा लाल. मग तो माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याचा मला असा राग आला की भाकरी परातीतच फाटली.

आता मुळापासून सांगते, नाहीतर माझ्या रागाचं कारण कळायचं नाही. कर्जत आणि खालापूरच्या मधे आमचं गाव. मिस्टरांचं कर्जतला हार्डवेअरचं दुकान. आम्हाला एकच मुलगा, आणि तो हाफिज आहे. म्हणजे आमच्या पवित्र ग्रंथाचे तीसच्या तीस भाग, ज्यांना आम्ही सिपारे म्हणतो, ते त्याला अरबीत तोंडपाठ आहेत. लहानपणी त्याला समुद्राकडच्या एका मदरशात ठेवलं होतं. तिथून पाठ करून आला आणि इथल्या शाळेत बसला. आता कर्जतजवळच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करतो. हे दोन्ही एका पोराला झेपायचं नाही, असं निम्म्या नातेवाइकांचं ठाम मत. 'दीन पण नाय आणि दुनिया पण नाय, असं करून ठेवाल त्याचं,' असं, दीन म्हणजे धर्म, मला लग्नकार्यात जेवताना ऐकवलं जायचं, म्हणजे उलटून बोलता येऊ नये. आम्ही दोघं नवराबायको मात्र हटलो नाही. दोन्ही करेल म्हणालो.

पाठ करणं सोपं, टिकवणं अवघड. रोज कुणाला तरी म्हणून दाखवलं नाही तर ते हातातल्या वाळूसारखं सटकतं. गावात दुसरे हाफिज एकच, मशिदीतले, आणि त्यांना आधीच शंभर कामं. म्हणून मुलगा स्वयंपाकघरात पाट टाकून बसायचा आणि मला म्हणून दाखवायचा. मी काही हाफिज नाही. मला जेमतेम पाच सिपारे येतात, तेही माझ्या फुफीने, म्हणजे आत्याने शिकवलेले. अरबीचा अर्थ तर तोडकामोडकाच कळतो. पण रोज संध्याकाळी तेच ऐकून ऐकून कान तयार होतो. पुढचा शब्द मला म्हणता यायचा नाही, पण चुकीचा आला की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

आमची दोघांची एक पद्धत पडून गेली होती. तो म्हणायचा, मी तांदळाची भाकरी थापायची. तो चुकला की माझा हात आपोआप थांबायचा. परातीवरचा थपथप आवाज बंद झाला की तो मागे जायचा आणि पुन्हा म्हणायचा. बरोबर आलं की माझा हात चालू. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं, बोललोही नव्हतो. भिंतीपलीकडच्या काकूंना मात्र पक्कं माहीत होतं. त्या भातशेतीवाल्या घरातल्या, वयाने माझ्या आईएवढ्या. रोज संध्याकाळी वालाच्या शेंगा सोलत त्यांच्या मागच्या पडवीत बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला निकाल सांगायच्या. "काल लई येळा थांबलीस गं. पोरगा कच्चा हाय का त्या भागात?" आणि तो बहुतेक वेळा त्या भागात कच्चाच असायचा.

हाफिजांची चूक कुठे होते, तेही सांगायला हवं. शब्द विसरून ते क्वचित अडतात. खरी गोची सारख्या ओळींची. एकच वाक्य दोन ठिकाणी येतं आणि पुढे दोन्हीकडे वेगळं वळतं. कर्जत स्टेशनाबाहेर रूळ फुटतात ना, एक फाटा खोपोलीला आणि दुसरा घाट चढून लोणावळ्याला, अगदी तसं. जायचं असतं खोपोलीला, आणि जरा लक्ष चळलं की गाडी घाटाला लागते. गंमत अशी की घाटाला लागलेली गाडीही झकास चालते. शब्द सगळे बरोबर, चाल बरोबर, फक्त जायचं होतं ते गाव राहून जातं.

तर, तो फोन. कॉलेजातल्या कुणीतरी मुलाला हे सांगितलं. त्यातली कृत्रिम बुद्धी म्हणे पाठ ऐकते आणि चूक दाखवते. माझ्याकडून वर्षानुवर्षं सुटलेला एक लांब उच्चार त्याने पहिल्याच आठवड्यात पकडला. मी ऐकून घेणार होते थोडीच. माझ्या फुफीने असंच शिकवलंय म्हणाले. मुलाने शांतपणे मदरशातल्या उस्तादांना फोन लावला. उस्तादांनी दोनदा म्हणवून घेतलं आणि फोन बरोबर आहे म्हणाले. फुफीला जाऊन बरीच वर्षं झाली, तिला आता कुठे जाब विचारणार? मी राग गिळला. रात्री सगळे आडवे झाल्यावर तो उच्चार एकटीच घोकत बसले, आणि खरं सांगते, बरोबर जमला तेव्हा मला आनंदच झाला. चूक चाळिशीत सुधारली तरी सुधारली म्हणायची.

पण मग मुलगा वरच्या खोलीत बसायला लागला. फोन कधीही तयार, त्याला भाकऱ्या नसतात, पाहुणे नसतात, तो कंटाळत नाही. मला सगळं पटत होतं. तरी संध्याकाळी परातीवर नुसता माझाच थपथप आवाज यायचा, तेव्हा फार एकटं वाटायचं. काकूंनी तर सरळ विचारलं, पोराने सोडलं का काय? मी म्हटलं, नाही काकू, त्याला नवीन मास्तर मिळालाय.

एकदा चिडून मी त्या फोनशी बोललेही. नातेवाइकांच्या भाषेत सांगायचं तर त्याची चौकशी केली. आमच्यात कुणी काही ज्ञानाचं सांगितलं की पहिला सवाल असतो, तू हे कुणाकडून घेतलंस? मुलाने उस्तादांकडून, त्यांनी त्यांच्या उस्तादांकडून, अशी माळ मागे मागे जाते. तिला सनद म्हणतात. मी फोनला विचारलं, तुझी सनद काय? तो अतिशय अदबीने म्हणाला की माझ्याकडे सनद नाही, पुष्कळ लोकांचं वाचन ऐकून मी शिकलो आहे. मला हसूच आलं. अरे, मग माझं काय वेगळं आहे? मीही नुसती ऐकून ऐकूनच शिकले. म्हणजे मी आणि हा, दोघंही बिनसनदीचे कानसेन. त्या दिवसापासून माझा त्याच्यावरचा राग निम्म्याने उतरला.

रमजान आला तो कलिंगडांच्या सुरुवातीला. या वर्षी मुलाला पहिल्यांदाच तरावीह पढवायची होती. तरावीह म्हणजे रमजानच्या रात्रींची जादा नमाज. तिच्यात हाफिज पुढे उभा राहून सगळे सिपारे क्रमाने तोंडपाठ म्हणतो आणि मागे सगळे हात बांधून ऐकतात. माझ्या दिरांनी शेजारीच नवा बंगला बांधलाय. त्यांच्या हॉलमध्ये सोय झाली. पुढे पुरुष, मधे पडदा, मागे आम्ही बायका. आमच्या गावातल्या मशिदीत बायकांना जागा नाही, त्यामुळे आम्हा सगळ्यांना याचं कोण अप्रूप. आणि ते निम्मे नातेवाईकही येणार होते, पहिल्या रांगेत. मुलाची पाचावर धारण बसली होती. भर नमाजात अडखळला असता तर 'बघा, कॉलेजचं खूळ' हे वाक्य तयारच होतं. ते त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. इफ्तारला तो खजूर हातात घेऊन नुसता बसायचा.

मोठमोठे हाफिजही चुकतात, म्हणून त्यांच्या मागे एक ऐकणारा उभा करतात. तो सामे. हाफिज चुकला की सामेने तिथल्या तिथे, नमाजातच, बरोबर शब्द पुरवायचा. याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. ही रीत मला लहानपणापासून फार आवडते. सगळ्यांत जास्त येतं म्हणून ज्याला पुढे उभं केलं, त्याला सगळ्यांदेखत सुधारायचं, आणि त्याने मान झुकवून तो घास घ्यायचा. रुसायचं नाही. शेवटच्या दिवशी हाफिजाबरोबर सामेलाही हार घालतात.

पण सामे आणायचा कुठून? मशिदीतले हाफिज मशिदीत. माझे दीर रसायनीच्या एका कारखान्यात मीटर बघतात, सगळी हयात काट्यांवर आणि आकड्यांवर नजर ठेवण्यात गेलेली. ते म्हणाले, फोन आहे की. चटईवर समोर ठेवू, चूक झाली की टिंग वाजेल. "मीटर खोटं बोलत नाय, भाबी," हे त्यांचं आवडतं वाक्य. मिस्टर म्हणाले, फोनचा वजू कोण करणार, नमाजाआधी त्याचे हातपाय कोण धुणार? त्यावर दोघा भावांत अशी जुंपली की कलिंगड तसंच राहिलं. मी फोनलाच विचारलं, बाबा रे, तू लुकमा दिलास तर चालेल का? त्याने या बाजूने आणि त्या बाजूने लांबलचक सांगितलं आणि शेवटी म्हणाला, तुमच्या जाणत्या आलिमांना विचारा. म्हणजे फिरून गाडी उस्तादांकडेच.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. ते कुठलंही उत्तर घाईने देत नाहीत, आणि उत्तर संपलं की 'वल्लाहु आलम' म्हणतात. खरं काय ते अल्लाहच जाणे. लहानपणी मला वाटायचं, हे मोठे लोक अंगाला लावून घेत नाहीत म्हणून असं म्हणतात. आता कळतं की आपल्या ज्ञानाला कुंपण कुठे आहे, तेवढं दाखवून ठेवतात.

उस्ताद मुलाला म्हणाले, "मशीन चांगली आहे, तिच्यावर खुशाल सराव कर. पण जो तुझ्याबरोबर नमाजात उभा आहे, त्याचाच लुकमा घे. चूक झाली तर तुझ्याइतकीच ज्याला लागेल, त्याने ती सांगावी."

यात जुन्या इमामांची मतं वेगवेगळी आहेत, असंही त्यांनी सांगितलं. मग दिरांनी तोडगा काढला, की आपण स्वतः मागे उभं राहायचं, समोर स्टुलावर फोन ठेवायचा, आवाज बंद, आणि लाल दिसलं की काचेवरचा बरोबर शब्द वाचून लुकमा आपण द्यायचा. उस्तादांना ते फारसं रुचलं नाही. नमाजात डोळे एखाद्या वस्तूला चिकटलेले त्यांना आवडत नाहीत. पण माणूस मिळेपर्यंत चालवून घ्या म्हणाले, वल्लाहु आलम. दीर इतके खूश झाले की दुसऱ्याच दिवशी हाराला शोभेल असा नवा कुडता शिवायला टाकून आले.

बायकांची चूक सांगायची रीत वेगळी असते, तेही जाता जाता सांगते. पुरुषांनी तोंडाने बोलायचं. बायकांनी उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पाठीवर वाजवायची. काय चुकलं ते त्यातून कळत नाही, चुकलंय एवढंच कळतं. आमच्याकडे ही रीत पुस्तकी होती. मी जन्मात कधी कुणाला ती वापरताना पाहिलं नव्हतं.

पहिले दिवस सुरेख गेले. दोन-तीनदा लाल आलं, दिरांनी लुकमा दिला, मुलाने घेतला. नातेवाईक माना डोलवायला लागले. निम्मा रमजान झाला असेल. त्या दिवशी जो सिपारा होता, त्यात तो फाटा होता. तोच, जिथे स्वयंपाकघरात माझा हात कायम थांबायचा. सारखी ओळ आली. आणि गाडी अलगद घाटाला लागली.

मुलाचा आवाज एकदम मोकळा, गोड, जराही अडखळ नाही. पडद्यातून मला फोनचा उजेड दिसत होता, शांत. दीर गप्प. कुणीच हललं नाही. माझ्या दाताखाली मात्र खडा. मनात म्हटलं, मागच्या वेळी फोन खरा निघाला होता आणि तू खोटी. तुला पाच सिपारे येतात, बाई, आणि हा सिपारा त्यांतला नाही. हात वाजवलास आणि पोरगा बरोबर असला तर? चांगला चाललेला मुलगा तुझ्यामुळे गडबडेल, आणि आयुष्यभर सगळे म्हणतील, आईनेच पाय ओढला. हात दाखवून अवलक्षण. तो पुढे पुढे जात होता. एक ओळ झाली, दुसरी झाली. मग मी विचार करायचं सोडलं आणि हात वाजवला.

माझ्या शेजारची जाऊ दचकली. मुलगा थांबला. काय चुकलं ते मी त्याला सांगू शकत नव्हते, ते त्यालाच शोधायचं होतं. तो मागे गेला. बरंच मागे, थेट सारख्या ओळीच्या सुरुवातीला. ती ओळ त्याने हळूहळू म्हटली, फाट्यापाशी आला, तिथे एक श्वास घेतला, आणि खोपोलीच्या रुळाला लागला. माझा जीव भांड्यात पडला. उरलेली नमाज मी रडत पढले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नमाज संपल्यावर दीर फोन घेऊन पडद्यापाशी आले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. फोनची काच भलत्याच पानावर उघडी होती, ज्या सिपाऱ्यात ती दुसरी ओळ आहे, तिथे. त्या फोनची एक सोय आम्हाला फार आवडायची. मधूनच कुठूनही म्हणायला लागा, तो आपली आपण जागा शोधून काढतो. त्याने तेच केलं होतं. पोरगा दुसरीकडे वळला, तर त्याला वाटलं आता इथून म्हणायचंय.

"पोरगा जिकडं गेला तिकडं हा पण गेला की, भाबी," दीर म्हणाले. मी म्हटलं, भावजी, मीटर खोटं बोलत नाही. ते बिचारे स्वतःच हसायला लागले.

फोनला मी दोष देत नाही. मुलगा जे म्हणत होता ते अक्षरन् अक्षर बरोबर होतं. त्याला कुठे जायचं होतं, एवढंच फोनला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण त्या फाट्यावर मी त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं थांबले होते.

घरी येऊन तो जेवला आणि झोपला. सकाळी काकू मात्र कुंपणापाशी हजर. म्हणाल्या, काल रातच्याला मधेच आवाज थांबला तो का? आणि टाळी कसली वाजली? मला वाटलं कुणी डास मारला. मी सगळं सांगितलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "तो भाग कच्चाच हाय त्याचा. मी मागंच बोलले व्हते."

संध्याकाळी मी परात घेऊन बसले, तोंडाला रोजा, हाताला पीठ. मुलगा खाली आला. फोन डब्याला टेकवला, पाट ओढला आणि बसला.

"अम्मी, आजवर तुझा हात थांबला की मला चूक कळायची," तो म्हणाला. "काल पडद्यामागं एवढ्या बायका होत्या. पण वाजलेला हात तुझाच, हे मला मागं न बघता कळलं."

म्हण पुढे, मी म्हणाले आणि थापायला लागले. त्या दिवसापासून आम्ही दोघं ऐकतो, फोन डब्यापाशी आणि मी परातीपाशी. फोन उच्चार बघतो, मी वाट बघते. आमचं दोघांचं जुळलं नाही की उस्तादांना विचारायचं, आणि उस्ताद सांगून झाल्यावर वल्लाहु आलम म्हणतात.

शेवटच्या रात्री सिपारे पुरे झाले. मुलाला हार पडला, नातेवाइकांनी त्याची गळाभेट घेतली, आणि कॉलेजचं नाव कुणीही काढलं नाही. मग दिरांना सामेचा हार घातला गेला, नव्या कुडत्यावर, शेवंतीचा. त्यांनी तो क्षणभर अंगावर मिरवला. मग काढला, पडद्यापाशी आले आणि वरून आत सोडला.

"सामेचा हार हाय, भाबी. घ्या."

मी तो ओढणीवरून गळ्यात घातला आणि तसाच घालून घरी आले. सकाळी तो परातीच्या वरच्या खुंटीला अडकवला होता. काकू शेंगांची टोपली घेऊन कुंपणाच्या भिंतीशी आल्या, त्यांना खिडकीतून तो दिसला, आणि हार कशाबद्दल मिळाला म्हणून त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ऐकल्याबद्दल.

"मग अर्धा माझा," काकू म्हणाल्या आणि हात पुढे केला.

मी दोरा तोडला आणि अर्धा हार भिंतीवरून त्यांच्या हातात दिला.